काहिलीच्या कडेवरचा हात

सत्य नदीसारखं असतं. दोन्ही काठांवरून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. हे वाक्य मी चित्रपटाच्या टिपणात अगदी सुरुवातीला लिहिलं होतं आणि दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्याने माझ्यादेखत दोन-तीन जणांना फोनवर वाचून दाखवलं. पुढे मी खरोखरच भीमेच्या दोन्ही काठांवर जाऊन उभा राहिलो. शिरूर तालुक्याच्या काठावरून नदी दिसली नाही, कारण तिच्यावर जलपर्णी पसरली होती. दौंड तालुक्याच्या काठावरूनही जलपर्णीच दिसली, फक्त उलट्या बाजूने.

मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो. अशा माणसाला लोक लग्नात पंगतीला बसवतात आणि चित्रपटात संशोधनाला. हा चित्रपट शिरूर तालुक्यातल्या एका दिवंगत पुढाऱ्यावर होता. त्यांना सगळे आबा म्हणत. निर्माता त्यांचा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात. चित्रपटाचं नाव ठरलं नव्हतं, पण त्यात 'पर्व' हा शब्द असणार हे ठरलं होतं.

दादांनी शिरूरच्या घरातल्या ऑफिसात बोलावलं. मागे आबांचा माणूसभर उंचीचा फोटो, त्याभोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ.

"सर, रिसर्च एकदम डीप पाहिजे," दादा म्हणाले. "फक्त फार खोलात जाऊ नका."

मी मान हलवली. हलवण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही.

चित्रपटाचा प्राण म्हणजे एकच प्रसंग होता आणि तो तालुक्यात पोरासोरांना पाठ आहे. आबा तेव्हा तरुण होते. भीमेला पूर आलेला. वडगाव रासाईच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात एका पोराला साप चावला. शिरूरची वाट ओढ्याने तोडलेली. नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि होडी वाहून गेली होती. मग आबांनी गुऱ्हाळाच्या छपरात पालथी पडलेली काहील काढायला लावली, म्हणजे उसाचा रस उकळायची ती भलीमोठी लोखंडी कढई, तिच्यात बसून पूर पार केला, दौंडहून इंजेक्शन आणलं आणि पोर वाचवलं. हे सगळं आबांच्या पुतळ्याखाली संगमरवरात थोडक्यात कोरलेलं आहे. काहील मात्र कोरताना 'नौका' झाली आहे.

साप चावलेलं ते पोर आता सत्तरीपार आहे. गावातले सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी गेलो तेव्हा ते देवळासमोरच्या कट्ट्यावर चार-पाच जणांत बसले होते. मी कामाचं सांगताच त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"हितं," ते म्हणाले.

मला काहीच दिसलं नाही. तसं सांगितलं.

"आता कुठं दिसायचं? पर दरसाल आबांच्या पुण्यतिथीला मला स्टेजवर उभं करत्यात आन् पायजमा वर करायला लावत्यात. मागल्या साली तर क्यामेरा आणून मोठ्या पडद्यावर माझी पोटरी दावली."

"आन् टाळ्या बी पडल्या," शेजारचा म्हणाला. "आप्पाची पोटरी म्हंजी गावची इष्टेट हाय."

"साप कुठला होता?" मी विचारलं.

"नाग."

"पाहिलात तुम्ही?"

"म्या कशाला बगतो? मी पळत हुतो. पर आबा इंजेक्शन आणाय गेले म्हंजी नागच असंल. धामणीसाठी कोन पुरात जातंय?"

या युक्तिवादात कुठे खोट आहे ते मला त्या दिवशी सापडलं नाही.

मग काहिलीत कोण कोण होतं ते विचारायला घेतलं. आबा होते, यावर दुमत नव्हतं. एकाचा चुलता होता. एकाचा बाप होता. पानटपरीवाल्याचा आजा होता, शिवाय वाटेत लागेल म्हणून त्याने भाकरीचं गाठोडं घेतलं होतं. दुपार कलेपर्यंत त्या काहिलीत इतकी माणसं बसली की ती काठालाच बुडायला हवी होती. पण माझा घोटाळा वेगळाच होता. आत बसणारे भरपूर सापडत होते. काहील पलीकडे नेली कुणी, ते सापडत नव्हतं. काहिलीला वल्हं नसतं. तिला पुढची बाजूच नसते.

"मग ती गेली कशी?"

"धारेनं."

"धार तर पूर्वेला जाते. पलीकडचा काठ दक्षिणेला."

कट्ट्यावर तंबाखूची चंची फिरली. मग एक जण म्हणाला, "पुण्याई."

"बांबू हुता बांबू," दुसरा म्हणाला.

"पुरात बांबू टेकतोय व्हय रं? तुझ्या बानं टेकवला हुता का?"

"माझा बा आत बसला हुता म्हनलं ना!"

मी आप्पांकडे पाहिलं. ते आता पायजमा खाली करून त्याची शिवण चाचपत होते. "सायेब," ते म्हणाले, "काहील गेली आन् आली. गेली नसती तर मी तुमच्यासंगं बोललो असतो का?"

पुण्याला परतल्यावर मी दिग्दर्शकाला म्हणालो की प्रसंगाला आधार भरपूर आहे, फक्त पदार्थविज्ञान कमी पडतंय. तो म्हणाला, "सर, संदिग्धता ठेवू आपण." हा तरुण हुशार होता. संशोधन म्हणजे आपल्याला आधीच जे माहीत आहे ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं, हे त्याला माझ्या आधी उमगलं होतं.

त्यानंतर एका बाईंचा फोन आला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरत होता, खाली 'आबांच्या चित्रपटाचे इतिहासकार' असं लिहून. बाई दौंडला राहत होत्या, कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होत्या.

"सर, तुम्ही काहिलीचं विचारताय ना? मग चुकीच्या काठावर विचारताय. दौंडला या. फर्स्ट शिफ्ट संपली की मी घरीच असते."

घर रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, स्वच्छ. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. पुढच्या खोलीत खाटेवर बाईंचे वडील बसले होते. त्यांना घरात आणि वस्तीत अण्णा म्हणत. आबांच्याच गावच्या बौद्धवाड्यातले. सगळी नोकरी रेल्वेत गँगमन म्हणून काढलेली. मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. गँगमधल्या सोबत्यांनी निवृत्तीच्या दिवशी वर्गणी काढून दिलेलं, असं मुलीने सांगितलं. अण्णा अधूनमधून त्या घड्याळाकडे बघत आणि मग मुलीला विचारत, "किती वाजलं गं?"

मी काहिलीत कोण होतं ते विचारलं.

"आबा एकलेच," अण्णा म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बाहेर. आम्ही चौघं. काहिलीच्या कडंला एक हात, दुसऱ्या हातानं पाणी मारायचं. काहील अशीच जाती. ज्याला पवता येतं तो बाहेर, येत न्हाई तो आत."

हे वाक्य मला एकदम पचलं नाही. पुतळ्याखालचा संगमरवर आठवला, कट्ट्यावरचे चुलते, बाप आणि आजे आठवले. आत बसणं हा मान असावा असं मी धरून चाललो होतो.

"म्हणजे आबांना पोहता येत नव्हतं?"

"अजिबात. दोन्ही कडा धरून बसले हुते, डोळं मिटून. काहील भवऱ्यावानी फिरती. मधेच म्हनले, आरं, काठ आला का?" अण्णा हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "पर एक सांगतो सायेब. आमचं काय, काहील उलथली असती तरी आम्ही पवलो असतो. ज्याला पवता येत न्हाई तो पुरात बसला, त्याची छाती मोठी. आन् इंजेक्शन त्यांनी आणलं, हे खरं हाय."

"तुम्ही का गेलात?"

"मला बी पलीकडं जायचंच हुतं. नवी नोकरी. खाडा पडला असता."

मुलगी आतून चहा घेऊन आली. "अण्णा, पुढचं सांगा."

"पुढचं काय त्यात?"

पुढचं मग तिनेच सांगितलं. त्या काळी गुऱ्हाळावर बौद्धवाड्यातल्या लोकांनी ऊस तोडायचा, चरकाला लावायचा, चुलवाणात जाळ घालायचा. काहिलीला हात लावायचा नाही, कारण तिच्यात गूळ व्हायचा. पुराच्या दिवशी मात्र पोहणारे म्हणून नदीकाठी हे चौघेच हजर होते आणि त्यांनी काहील धरली. पूर ओसरला, काहील राखेने आणि चिंचेने घासून पुन्हा छपरात गेली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, गूळ झाला.

"गावानं तो गूळ खाल्ला, बाजारात बी गेला," अण्णा म्हणाले. "मग हात कुनाचा लागला, हे कोन बोलंल? बोललं की आपन बी त्यो खाल्ला, हे कबूल करावं लागंल. म्हनून गोष्टीत सगळे आत बसले. बाहेर कोनच ऱ्हायलं न्हाई."

ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. रुळाला तडा कुठे गेला हे सांगावं तसं सांगत होते. तक्रार मुलीची होती.

"चौघांतले तिघं गेले, सर. अण्णा आहेत. दरसाल पुण्यतिथीला त्या पोटरीला टाळ्या पडतात. मला भाषण नको, सत्कार नको. नाव पण नको, चेहरा पण नको. सिनेमात काहिलीच्या कडेवर एक हात दाखवा. बाहेरून धरलेला. अण्णा आहेत तोवर त्यांना तो बघू दे."

मी म्हणालो, प्रयत्न करतो. हे वाक्य उच्चारताना माणूस जितका खात्रीचा वाटतो तितका तो कधीच नसतो.

गावात परत गेलो. आप्पांना एकटं गाठून विचारलं, "काहील बाहेरून कुणी धरली होती का?"

आप्पांनी नदीच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "सायेब, तुम्ही गूळ खाता का?"

"खातो."

"मंग खावा की."

याचा अर्थ होकार की नकार, ते मी बसस्टँडपर्यंत ठरवत होतो.

शिरूरला दादा आणि दिग्दर्शक, दोघांसमोर मी सगळं मांडलं. माझं म्हणणं असं की ही गोष्ट कोरलेल्या गोष्टीपेक्षा चांगली आहे. पोहता न येणारा माणूस कुणाच्या तरी पोरासाठी पुरात बसतो. ज्या भांड्याला एरवी शिवू दिलं जात नाही, तेच धरून चार माणसं त्याला पार नेतात. दोन्हीकडे शौर्य आहे. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत चमक आली. दादांच्या आली नाही.

"आबा घाबरले होते असं दाखवायचं?"

"घाबरूनही गेले, असं."

"आबा कधीच कशाला घाबरले नाहीत. आईला विचारा."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "पालीला घाबरायचे."

ऑफिसबॉयने पाणी आणलं. दादांनी मूळ मुद्द्याकडे वळावं म्हणून मी फक्त हाताची मागणी पुढे ठेवली.

"हात कुणाचा म्हणायचा?" दादांनी विचारलं.

"नाव नाही द्यायचं. चेहराही नाही."

"मग चालेल," दादा म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा, पण त्यात काहीतरी कच लागत होती आणि ती कुठे आहे ते कळत नव्हतं.

दिग्दर्शक मात्र उठून उभाच राहिला. "हात! सर, हात म्हणजे अख्खा समाज! हात म्हणजे काळ!" मी म्हणालो, हात म्हणजे दौंडच्या एका गँगमनचा हात. त्याने ते ऐकलं नाही. तो फ्रेम लावत होता.

पुण्यतिथीला गावात टीझर दाखवायचा ठरला, म्हणून आधी तेवढाच प्रसंग चित्रित करायचा होता. पूर नव्हता, तो नंतर संगणकावर येणार होता. दौंडच्या बाजूचा काठ निवडला, जेसीबी लावून जलपर्णी बाजूला केली. काहील त्याच काठच्या एका गुऱ्हाळातून आणली. तिथे आता उत्तर प्रदेशातले कामगार आहेत. काहील टेम्पोत चढवताना त्यांच्यातला एक मला म्हणाला, "साहब, इसमें गुड़ बनता है, हीरो नहीं." मालक म्हणाला, "उद्या रस उकळायचाय, सर. सांजच्याला परत पायजे. आन् चपला घालून आत न्हाई बसायचं."

आबांचं काम करणारा नट मालिकांमधून घराघरांत गेलेला होता. त्याला काहिलीत पुढे उभं राहून, हाताची घडी घालून पलीकडच्या काठाकडे पाहायचं होतं. काहील गोल, तिला 'पुढे' नाही. तो जिकडे तोंड करून उभा राही, तिकडून ती त्याला फिरवून दुसरीकडे नेई. एकदा तो क्षितिजाऐवजी जनरेटरच्या गाडीकडे तेजस्वी नजरेने बघत होता. शेवटी तो मटकन खाली बसला आणि दोन्ही कडा घट्ट धरून ओरडला, "अरे, कुणीतरी धरा!"

काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णा बसले होते. मुलीने त्या दिवशी रजा टाकून त्यांना रिक्षाने आणलं होतं. ते इतका वेळ अर्धवट झोपेत होते. ओरडणं ऐकून त्यांनी डोळे उघडले. "आबा अस्सेच बसले हुते," ते मुलीला म्हणाले. "डिट्टो."

दिग्दर्शक ओरडला, "कट! हे वापरायचं नाही!"

मग हाताची पाळी आली. हातासाठी पुण्याहून एक व्यायामशाळेतला तरुण आणला होता. त्याच्या दंडापासून मनगटापर्यंत गरुड गोंदलेला होता. गरुडावर मेकअप लावला तर पाण्यात तो विरघळून गरुडाची फक्त चोच वर येई. दुसरा हात शोधेपर्यंत उजेड गेला असता.

"अण्णांचाच घ्या ना," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी अण्णांच्या हाताकडे पाहिलं. जाड बोटं, एक नख कायमचं काळं, शिरा दोरासारख्या वर आलेल्या. दिग्दर्शक इतका भारावला की त्याने त्या हाताला नमस्कार केला. हाताच्या मालकाकडे पाहायचं राहून गेलं.

गुडघाभर पाण्यात स्टूल ठेवून अण्णांना बसवलं. समोर काहील तरंगत होती. आत कुणी नव्हतं. नट व्हॅनमध्ये अंग पुसत होता. अण्णांना सांगितलं, कडा धरा. त्यांनी धरली. कसं धरायचं ते कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. काहील जरा हलली, फिरू लागली, आणि हाताने तिला थांबवलं. बाई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या आणि रडत नव्हत्या, पण नाकावरून रुमाल काढत नव्हत्या. शॉट एकदाच घेतला.

परत निघताना अण्णांनी घड्याळ पाहिलं, झटकून पाणी काढलं आणि विचारलं, "किती वाजलं गं?"

काहील परत नेली तेव्हा गुऱ्हाळाचा मालक म्हणाला, "आता ही घासून घ्यावी लागंल."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का?"

"नदीच्या पाण्याला वास किती हाय, सर! त्याच्यात गूळ पाडू व्हय?"

वास खरोखरच होता. तरीही गावात काय झालं होतं ते ठाऊक असलेला माणूस ते वाक्य साधेपणाने ऐकू शकत नाही. मालक दौंडच्या काठचा, वयाने लहान. त्याला काही माहीत नसावं. किंवा असावं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

पुण्यतिथीला गावात मोठा पडदा लावला. आधी आप्पांची पोटरी झाली, मग भाषणं, मग टीझर. ढग, वीज, खवळलेली नदी, नटाचा चेहरा, हाताची घडी. आणि मग फक्त काहिलीची कडा आणि तिच्यावर बाहेरून येऊन घट्ट बसलेला तो हात. मी बाई आणि अण्णांच्या शेजारी शेवटच्या रांगेत बसलो होतो. अण्णा बारकाईने बघत होते. बाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आबांचा हात!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक गहिवरून माइकवर म्हणाला, "होय, हाच तो हात, ज्याने आपल्याला तारलं!" रात्रीपर्यंत टीझरखाली तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा लिहिले गेले, हात जोडलेल्या चिन्हांसकट.

मी बाईंकडे वळलो. त्या पडदा विझल्यावरही तिकडे बघत होत्या. मग त्यांनी मोबाइलवर टीझर लावला, हातावर थांबवला आणि दोन बोटांनी मोठा केला.

"घड्याळ काढायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

राहिलंच होतं. पुरात काहील लोटणाऱ्या हातावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ स्पष्ट दिसत होतं. आम्हा एवढ्या जणांत कुणालाच ते चित्रीकरणात दिसलं नव्हतं, संगणकवाल्यालाही नाही. बाईंनी ते आणखी मोठं करून अण्णांपुढे धरलं. अण्णांनी चष्मा सरळ केला, एकदा पडद्यावरचं, एकदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. बाई खूप दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या. मोबाइलवर त्यांनी तेवढंच चित्र जपून ठेवलं.

नंतर मी ते आप्पांना दाखवलं. पुरात घड्याळ कुठून आलं, असं विचारलं. आता तरी काही निघेल असं वाटलं होतं.

"आबांचं हाय ते," आप्पा क्षणभरही न थांबता म्हणाले. "फॉरेनचं हुतं. इतक्या पाण्यात बी बंद पडलं न्हाई बगा."

अण्णांचं ते घड्याळ बंदच आहे. सेल टाकायचा राहिलाय.